अर्ध्यावर राहिलेले युद्धकांड

नेवासा : प्रवरेच्या काठावर करवीरेश्वराचे जे प्राचीन मंदिर होते, त्यातील एक दगडी खांब तेवढा आज शिल्लक आहे. त्याच्यावर जुना दानलेख कोरलेला आहे. या खांबाला टेकून ज्ञानेश्वरांनी गीतेवरील भाष्य सांगितले आणि सच्चिदानंदबाबांनी ते उतरवून घेतले, अशी वारकऱ्यांची श्रद्धा असल्याने पैस खांबाच्या दर्शनासाठी येथे वर्षभर वर्दळ असते. येणाऱ्या भाविकाला एक गोष्ट आवर्जून सांगितली जाते. ती म्हणजे ज्ञानेश्वरी येथे नुसती सुरू झाली नाही, तर शके १२१२ मध्ये, म्हणजे इ. स. १२९० साली, येथेच पूर्ण झाली. अठरा अध्याय संपले, प्रसाद मागून झाला आणि लेखकाने लेखणी खाली ठेवली. प्रत्येक ग्रंथाच्या वाट्याला असे भाग्य येतेच असे नाही.

याच ज्ञानेश्वरीची शुद्ध प्रत तयार करणाऱ्या पुरुषाच्या वाट्याला ते आले नाही. नेवासे येथून पन्नास-साठ किलोमीटरवरील पैठणात, गोदावरीच्या तीरी, संत एकनाथांनी आयुष्यातील सर्वांत मोठा ग्रंथ लिहावयास घेतला आणि तो अर्धा असतानाच त्यांनी देह ठेवला. 'भावार्थ रामायणा'च्या युद्धकांडातील ४४ वा अध्याय हा नाथांचा अखेरचा अध्याय मानला जातो. रावण अद्याप जिवंत होता. सीता अशोकवनात होती. अयोध्येच्या सिंहासनावर रामाच्या पादुकाच होत्या. नेमक्या अशा ठिकाणी कथा थांबली. ऐकणाऱ्यांचे काय झाले असेल, हा प्रश्न नाथांच्या चरित्रात सहसा विचारला जात नाही. त्या चरित्रातील एक अतिशय मानवी प्रसंग मात्र या प्रश्नाभोवतीच उभा आहे.

एकनाथांचा जन्म पैठणच्या विद्वान ब्राह्मण घराण्यातला. इ. स. १५३३ च्या सुमारास तो झाला, असे बहुतेक अभ्यासक धरतात. याबाबत मतभेदही आहेत. विजयनगरास नेलेली विठ्ठलमूर्ती पंढरपुरास परत आणणारे म्हणून ज्यांची ख्याती, ते भानुदास हे त्यांचे पणजोबा. वडील सूर्यनारायण आणि आई रुक्मिणी यांचे छत्र नाथांच्या बालपणीच हरपले आणि आजोबा चक्रपाणी यांनी नातवाला वाढविले. वयाच्या बाराव्या वर्षी हा मुलगा घर सोडून देवगिरीस गेला. तेथे जनार्दनस्वामी हे निजामशाहीच्या चाकरीत किल्ल्याचे अधिकारी होते. मुसलमान सुलतानाच्या सेवेत असलेला हा दत्तभक्त अधिकारी नाथांचा गुरू झाला.

गुरुगृहीच्या कथांपैकी हिशेबाची कथा महाराष्ट्रात शाळकरी मुलांनाही ठाऊक आहे. जमाखर्चात एका पैची चूक येत होती. ती शोधण्यात रात्र सरली आणि चूक सापडताच नाथांनी आनंदाने टाळी वाजविली. जागे झालेल्या गुरूंना या मुलाची एकाग्रता तेव्हा समजली, असे कथा सांगते. ऐतिहासिक पुरावा म्हणून तिला फारसे मोल देता येणार नाही. परंतु पुढच्या काळात ज्ञानेश्वरीच्या पाठांची एकमेकांशी ताडणी करणारा संपादक याच मुलातून घडला, हे ध्यानात घेतले म्हणजे लोकस्मृतीने नेमकी हीच कथा का जपली, हे उमगते.

गुरूंबरोबर तीर्थयात्रा करीत असताना त्यांच्या आज्ञेवरून नाथांनी चतुःश्लोकी भागवतावर ओवीबद्ध टीका लिहिली. पैठणास परतल्यावर त्यांनी गिरिजाबाईंशी संसार थाटला. हरिपंडित हा पुत्र आणि दोन कन्या असे कुटुंब वाढले. संन्यास नाही, मठ नाही. दिवसा लेखन आणि पुराण, रात्री कीर्तन, दारी येईल त्याला जेवण, असा त्या वाड्याचा रिवाज होता. गोदेच्या तापलेल्या वाळवंटात रडणारे दलिताचे मूल उचलून घेणे, श्राद्धाचे अन्न अस्पृश्य मानलेल्यांना वाढणे, काशीहून रामेश्वरासाठी आणलेली गंगा तहानलेल्या गाढवाच्या मुखात ओतणे, या कथांतून जो नाथ दिसतो, तोच त्यांच्या भारुडांतूनही दिसतो. महार, जोशी, वासुदेव, गोंधळी अशा नाना भूमिका घेऊन हा पंडित बाजारातल्या माणसाशी त्याच्या बोलीत बोलला.

मराठीत लिहिण्याची किंमत त्यांना मोजावी लागली. भागवताच्या एकादश स्कंधावरील टीकेचे पहिले काही अध्याय काशीस पोहोचले आणि संस्कृतातील ज्ञान प्राकृतात आणल्याबद्दल तेथील पंडितांनी त्यांना जाब विचारला, अशी परंपरा आहे. नाथ काशीस गेले. ग्रंथ तेथेच पूर्ण झाला. शके १४९५ ची, म्हणजे इ. स. १५७३ ची कार्तिक पौर्णिमा ही त्याच्या समाप्तीची तिथी. एकतीस अध्याय आणि अठरा हजारांहून अधिक ओव्यांचा हा 'एकनाथी भागवत' ग्रंथ पुढे वारकऱ्यांच्या प्रस्थानत्रयीत ज्ञानेश्वरी आणि तुकोबांच्या गाथेबरोबर जाऊन बसला. विरोध करणाऱ्या पंडितांनीच अखेर ग्रंथाची मिरवणूक काढली, असेही सांगतात.

विरोध केवळ परक्यांचा नव्हता. संस्कृतात प्रवीण असलेला पुत्र हरिपंडित वडिलांच्या मराठी पुराणावर आणि ज्याच्या-त्याच्या घरी जेवण्यावर रुष्ट होऊन काशीस निघून गेला. नाथ त्याला आणावयास गेले तेव्हा त्याने दोन अटी घातल्या. परान्न घ्यावयाचे नाही आणि प्राकृतात पुराण सांगावयाचे नाही. नाथांनी त्या मान्य केल्या. पैठणास परतल्यावर हरिपंडिताचे संस्कृत प्रवचन सुरू झाले. चरित्रकार सांगतात की, नाथांच्या पुराणास जी गर्दी लोटत असे, ती हळूहळू ओसरू लागली. पुढे पुत्राचा अभिमान गळाला आणि त्यानेच वडिलांना पुन्हा मराठीत सांगण्याची विनंती केली. या कथेतील श्रोत्यांकडे मात्र आपले दुर्लक्ष होते. त्यांनी निषेध केला नाही, वाद घातला नाही. ते फक्त यावयाचे थांबले. लेखकाशी वाचकाचे नाते कसे असते, याचा सोळाव्या शतकातील इतका बोलका दाखला दुसरा मिळणे कठीण आहे.

आता नेवासे येथील खांबाशी नाथांचा जो संबंध, त्याकडे वळू. ज्ञानेश्वरी सांगून झाली त्याला तोपर्यंत जवळजवळ तीन शतके होत आली होती. हाताने नकलून घेतलेल्या पोथ्यांत पाठभेद शिरले होते. कुणी शब्द बदलला होता, कुणी हौसेने पदरची ओवी घुसडली होती. आळंदीच्या समाधीत ज्ञानेश्वरांच्या कंठाला अजानवृक्षाची मुळी लागली असून ती दूर करावी, असा स्वप्नदृष्टान्त नाथांना झाल्याची आख्यायिका प्रसिद्ध आहे. मुळी म्हणजे ग्रंथाच्या गळ्याभोवती वाढलेले प्रक्षिप्त, असा तिचा अर्थ लावण्याचा मोह होतो. शके १५०६, म्हणजे इ. स. १५८४ मध्ये नाथांनी ज्ञानेश्वरीची शुद्ध प्रत सिद्ध केली. मराठीतील पाठचिकित्सेचा हा पहिला ज्ञात मोठा प्रयत्न होय. प्रतीच्या अखेरीस त्यांनी एक सक्त ताकीदही नोंदवून ठेवली. या पाठात यापुढे कुणीही स्वतःची ओवी मिसळू नये, असा तिचा आशय आहे.

दुसऱ्याच्या ग्रंथात ओवी घालू नये, असे बजावणाऱ्या या माणसाला स्वतःचा ग्रंथ दुसऱ्याच्या ओव्यांनी पुरा व्हावा, अशी तजवीज करावी लागली.

'भावार्थ रामायण' हे नाथांच्या उत्तरवयातील काम. हा ग्रंथ आपण लिहीत नसून राम बळेच लिहवून घेत आहे, झोपेतही सोडीत नाही, अशा अर्थाची कबुली त्यांनी ग्रंथातच दिली आहे. सात कांडे, सुमारे चाळीस हजार ओव्या, असा आज आपल्यापुढे असलेल्या ग्रंथाचा पसारा आहे. एकनाथी भागवताच्या दुपटीहून अधिक! साठीच्या आसपास पोहोचलेल्या लेखकाने एवढी मजल ठरविणे, हे धाडसच म्हणावे लागेल. काळही शांत नव्हता. इ. स. १५९५ च्या अखेरीस मोगलांनी अहमदनगरच्या किल्ल्यास वेढा घातला. चांदबिबीने तो त्या वेळी वाचविला खरा. पण १६०० मध्ये किल्ला पडलाच. निजामशाहीचा मुलूख सैन्यांच्या टापांखाली भरडला जात होता. बंदिखान्यात पडलेले देव आणि त्यांना सोडविण्यासाठी अवतरलेला राम, ही नाथांच्या रामायणातील मांडणी त्या काळच्या श्रोत्याला केवळ पुराणातली वाटली नसावी. रामायणात राजकीय रूपक शोधणाऱ्या अभ्यासकांशी प्रत्येक तपशिलात सहमत होण्याचे कारण नाही. परंतु दहा तोंडांच्या राक्षसाचा वध कधी होणार, याची उत्सुकता पैठणच्या श्रोत्यांना वेगळ्या अर्थानेही असणार, हे मान्य करावे लागते.

याच काळातील म्हणून एक आख्यायिका सांगितली जाते. पैठणात कृष्णदास नावाचे एक कवी रामायणातील युद्धकांड मराठीत रचीत होते. ग्रंथ संपत आला आणि त्यांचा अंतकाळ जवळ आला. ग्रंथ अपुरा राहणार, या चिंतेने ते व्याकूळ झाले. तेव्हा नाथांनी प्रत्यक्ष मृत्यूला विनवून काही दिवसांची सवलत मागून घेतली. कृष्णदासांनी युद्धकांड पुरे केले आणि मगच डोळे मिटले. ही कथा खरी की खोटी, हा प्रश्न येथे गौण आहे. एखादा ग्रंथ संपण्यासाठी मृत्यूने थांबावे, असे ज्या समाजाला वाटले, त्या समाजाने ग्रंथाच्या अपुरेपणाचे दुःख अनुभवलेले असले पाहिजे. दुसऱ्याच्या युद्धकांडासाठी मुदत मागणाऱ्या नाथांनी आपल्या युद्धकांडासाठी मात्र ती मागितली नाही.

देह ठेवण्याचा दिवस नाथांनी आधीच ठरविला होता, असे चरित्रे सांगतात. फाल्गुन वद्य षष्ठी ही तिथी त्यांच्या गुरूंची. जनार्दनस्वामींचा जन्म, त्यांना झालेला दत्ताचा अनुग्रह, गुरुशिष्यांची भेट आणि जनार्दनस्वामींचे निर्वाण ही चारही पर्वे परंपरेने याच तिथीवर मानली आहेत. बातमी पसरली तशी पैठणात माणसे जमू लागली. आणि त्या गर्दीतून जो प्रश्न उमटला, तो रामायणाविषयी होता. ग्रंथ कोण पुरा करणार?

वास्तविक राम-रावण युद्धाचा निकाल लागावयाचा होता, असे थोडेच आहे? रावण मरतो, सीता सुटते, पुष्पक विमान अयोध्येस येते, हे त्या गर्दीतील लहान मुलालाही माहीत असणार. वाल्मीकींपासून सांगितली जाणारी ती कथा कुणाच्या मृत्यूने अडणारी नव्हती. अडले होते ते दुसरेच. नाथ ही कथा ज्या सुरात, ज्या थट्टेने आणि ज्या कळवळ्याने सांगत होते, त्या सुरात ती पुढे ऐकावयास मिळणार नव्हती. वानरांच्या गमती, मारुतीचा खोडकरपणा, राक्षसांची फजिती आणि मध्येच येणारे ब्रह्मज्ञान हे नाथांचे होते. कथेचा शेवट ठाऊक असूनही सांगणारा गेल्यावर श्रोता पोरका होतो.

सर्वांच्या नजरा साहजिकच हरिपंडिताकडे वळल्या असाव्यात. तो पुत्र होता आणि पंडितही होता. नाथांनी बोट दाखविले ते गावबाकडे.

गावबा हा नाथांच्या घरी वाढलेला मुलगा. त्याला पुरणपोळी फार आवडे आणि रोज पुरणाचा हट्ट पुरविणे आईला शक्य नव्हते. नाथांच्या घरी नित्य पंगत असते, हे ऐकून तिने त्याला तेथे आणून सोडले, असे कथा सांगते. लोक त्याला पुरणपोळ्या म्हणूनच ओळखत. अभ्यासात गती नाही, पाठांतर नाही. मंत्र घ्यावयास सांगितले तर दुसरा कोणताही शब्द त्याच्या तोंडून उमटेना; एकनाथ हे नावच तेवढे तो म्हणे. वाड्यातील पडेल ते काम करावे, पुराणाच्या वेळी कोपऱ्यात बसून ऐकावे आणि पोटभर जेवावे, असा त्याचा क्रम. चाळीस हजार ओव्यांच्या ग्रंथाचा उत्तरार्ध या मुलाच्या हाती सोपविला जात असल्याचे पाहून जमलेल्यांपैकी अनेकांना हसू आवरले नसेल. नाथांनी त्याच्या मस्तकी हात ठेवला, एवढेच परंपरा सांगते.

चमत्कार बाजूला ठेवला तरी या निवडीमागे एक साधा तर्क दिसतो. वर्षानुवर्षे रोज नाथांचे पुराण ऐकणारा, त्यात स्वतःच्या विद्वत्तेची भर घालण्याची ऐपत किंवा इच्छा नसलेला, असा श्रोता हाच नाथांचा सूर जसाच्या तसा धरू शकणार होता. हरिपंडिताने रामायण पुरे केले असते, तर ते हरिपंडिताचे झाले असते. हा माझा तर्क. त्याला पुरावा नाही.

शके १५२१ च्या फाल्गुन वद्य षष्ठीस कीर्तन करीत नाथ गोदावरीच्या पात्रात उतरले आणि त्यांनी जलसमाधी घेतली. या घटनेचे साल सर्रास १५९९ असे छापले जाते. शकाच्या हिशेबाने पाहता ती १६०० च्या प्रारंभी पडते. अहमदनगरचा किल्ला पडावयास तेव्हा काही महिनेच उरले होते.

गावबाने पंचेचाळिसाव्या अध्यायापासून पुढे लिहावयास घेतले. रावणवध झाला, सीता परतली, राज्याभिषेक झाला. मुद्रा मात्र एका जनार्दनाचीच चालू राहिली. गावबाने स्वतःचे वेगळे काव्य मिरविले नाही. सांधा इतका बेमालूम जुळला की, माहिती नसलेल्या वाचकाला जोड कोठे आहे, हे शोधूनही चटकन सापडू नये. मराठी वाङ्मयाच्या इतिहासात गावबाच्या वाट्याला एखाद-दुसरी ओळ येते आणि तीही बहुधा पुरणपोळीसह.

अशा प्रसंगाला अगदी अलीकडच्या काळात जगाने पाहिलेले एक प्रतिरूप आहे. अमेरिकी लेखक रॉबर्ट जॉर्डन यांची 'द व्हील ऑफ टाइम' ही अद्‌भुतरम्य कादंबरीमाला १९९० पासून प्रसिद्ध होत होती. अकरा जाडजूड खंड झाले आणि शेवटचा बाकी असताना, १६ सप्टेंबर २००७ रोजी, दुर्धर आजाराने त्यांचे निधन झाले. देशोदेशीचे वाचक दुःखी झाले, काही जण चिडलेही. सतरा वर्षे वाट पाहिली ती याचसाठी का, अशी त्यांची भावना होती. मृत्यूवर रागावण्याचा हा प्रकार वरवर हास्यास्पद वाटतो. परंतु पैठणच्या वाळवंटातील गर्दीच्या प्रश्नापेक्षा तो फार निराळा नाही. जॉर्डन यांनी टिपणे मागे ठेवली होती आणि शेवट घरच्यांना सांगून ठेवला होता. त्यांच्या पत्नी व संपादक हॅरिएट मॅकडुगल यांनी ब्रँडन सँडरसन या तरुण लेखकाची निवड केली. जॉर्डन यांच्या निधनानंतर त्याने लिहिलेला श्रद्धांजलीपर मजकूर त्यांच्या वाचनात आला होता. सँडरसन हा मुळात जॉर्डन यांचा वाचक. एका खंडाचे तीन खंड झाले, २०१३ मध्ये मालिका संपली आणि मुखपृष्ठांवर जॉर्डन यांचे नाव कायम राहिले. गावबाला टिपणेही मिळाली नव्हती. होता तो कानात साठलेला आवाज.

अपुऱ्या ग्रंथांची परंपरा नाथांच्या घरातच पुढे चालली, हे थोडे विचित्र वाटते. नाथांचे दौहित्र मुक्तेश्वर यांनी महाभारत मराठीत आणले. त्यातील पाचच पर्वे आज उपलब्ध आहेत. आणि ज्यांच्यामुळे नाथचरित्रातील यातील बहुतेक कथा आपल्यापर्यंत आल्या, ते महिपती तर याच जिल्ह्याचे, राहुरी तालुक्यातील ताहाराबादचे. इ. स. १७६२ मध्ये 'भक्तविजय', १७७४ मध्ये 'भक्तलीलामृत' असे संतचरित्रांचे ग्रंथ त्यांनी एकामागून एक रचले. नाथांचे चरित्र त्यांनी 'भक्तलीलामृता'त विस्ताराने सांगितले आहे. 'संतविजय' हा त्यांचा ग्रंथ १७९० मध्ये त्यांच्या निधनाने अपुरा राहिला. महिपतींना गावबा मिळाला नाही. विसाव्या शतकात हरिभाऊ आपट्यांच्या काही कादंबऱ्यांचेही तेच झाले. त्या जेथे थांबल्या तेथेच आजही थांबलेल्या आहेत आणि 'करमणूक'च्या वाचकांना त्यावर समाधान मानावे लागले.

पैठणला नाथषष्ठीचा सोहळा दरवर्षी भरतो आणि नेवासे तालुक्यातील वारकरीही त्याला जातात. पैठणच्या जायकवाडी धरणाच्या जलाशयाला नाथसागर असे नाव आहे. त्याच्या फुगवट्याचे पाणी थेट टोके-प्रवरासंगमापर्यंत येऊन भिडते. ज्ञानेश्वरीची प्रवरा गोदावरीला मिळते, ती आज नाथांच्या नावाच्या पाण्यातच.

चातुर्मासात या भागातील अनेक गावांतून भावार्थ रामायण लावण्याची प्रथा आहे. मारुतीच्या देवळात रात्री जेवणे उरकल्यावर मंडळी जमतात. वाचक ओवी वाचतो, सूचक तिचा अर्थ सांगतो. असे करता करता कांडे मागे पडतात आणि एका रात्री युद्धकांडाचा चव्वेचाळिसावा अध्याय येतो. तो संपतो, आरती होते, माणसे घरी जातात. दुसऱ्या रात्री वाचक पोथीचे पान उलटतो आणि पंचेचाळिसावा सुरू करतो.